सोमलाभाऊंचा सत्कार

नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवावं लागतं. मी आता हिंगोलीत राहतो, पण नोकरीच्या काळातलं खातं सेनगावलाच राहिलं, म्हणून वर्षातून एकदा तिकडे जाणं होतं. यंदा मशीन माझा अंगठा घेईना. वयानं बोटांवरच्या रेषा झिजतात म्हणे. काउंटरवरच्या बाईंनी ओला रुमाल पुढे केला, पुन्हा लावा म्हणाल्या... आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचे एक निवृत्त बसचालक सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तुमच्या गावाकडचा सोमला राठोड गेला की, सर. मागच्या आठवड्यात. तुमाला कळलं न्हाई?" मला कळलं नव्हतं. मशीनवर हिरवा दिवा लागला आणि मी जिवंत असल्याची नोंद झाली. बाहेर जीपच्या अड्ड्याजवळ कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. तिथल्या बाकावर मी बसून राहिलो. हिंगोलीची बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली.

सोमला आमच्या गावाशेजारच्या तांड्यातला. गावातून निघालं की आधी तळं लागतं, मग तळ्याखालचा ओढा, आणि ओढ्यापलीकडे चढावर तांडा. तळं म्हणजे सरकारी भाषेत पाझर तलाव. दुष्काळी कामावर तांड्यातल्या बायामाणसांनीच ते खोदलं. सोमलाच्या आईनं त्या बांधावर पाट्यांनी माती वाहिली होती. पण गाव आणि तांड्याची ग्रामपंचायत एकच, आणि ती ग्रामपंचायत कायम गावाची. तळ्यातली मासोळी कोणी धरायची, उन्हाळ्यात कोणाच्या जनावरांनी आधी पाणी प्यायचं, हे गावातल्या ओसरीवर ठरायचं.

मी सेनगावच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचो आणि गावातच राहायचो. सोमला माझ्याहून थोडा लहान. मॅट्रिकनंतर शेतीत पडला, पण डोकं शांत बसायचं नाही. रविवारी सकाळी तो आमच्या अंगणात येऊन बसायचा आणि मला प्रश्न विचारायचा. माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारले नाहीत असे. इंग्रज गेले तेव्हा बोलणी कुठं बसून झाली? आधी कोण बोललं? नकाशावर रेघ ओढताना ज्यांच्या घरातून ती रेघ गेली त्यांना कोणी विचारलं का? मी उत्साहानं सांगायचो. ताबा सोडावा लागणार हे कळल्यावर सोडणारा काय काय करतो... आधी वेळ काढतो, मग झेंडा देतो, मग इमारती देतो, आणि पाणी मात्र हातात राहील असं बघतो. सोमला मान डोलवायचा. "म्हंजे सासरा पोरगी देते, पन गायीची दावन सोडत न्हाई," म्हणायचा. माझी बायको आतून हसायची. ती म्हणायची, तुमचा खरा वर्ग अंगणातच भरतो.

दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या दिवशी, शाळेत झेंडावंदनानंतर माझं भाषण ठरलेलं. एका वर्षी मी निजामाच्या बोलण्यांबद्दल बोललो. हैदराबादचं शिष्टमंडळ भारत सरकारशी 'जैसे थे' करार करायला दिल्लीला निघायचं होतं, तेव्हा त्या बोलणी करणाऱ्यांच्या घरांना त्यांच्याच बाजूच्या जमावानं वेढा घातला. त्यांना पायउतार व्हावं लागलं, नवे लोक गेले, आणि त्यांनी जवळजवळ तेच पदरात घेऊन सही केली. भाषण संपल्यावर सोमला माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. "मंग सर, त्या पहिल्या बोलणाऱ्यांचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, "इतिहासात त्यांच्याबद्दल फार कोणी लिहीत नाही."

परभणीतून हिंगोली वेगळी निघाली त्या सुमारास सगळ्यांनाच वेगळं व्हायची हवा लागली होती. तांड्यानं स्वतंत्र ग्रामपंचायत मागितली. गावानं ठराव दिला तर काम सोपं, नाही दिला तर वर्षानुवर्षं फायली हिंडणार. म्हणून गाव आणि तांड्यानं आपसात बसून हद्द ठरवावी असं निघालं. तांड्यानं बोलायला सोमलाला निवडलं. गावाचे सरपंच आबा माझ्या चुलत्यांपैकी. ते माझ्याकडे आले. "तो तुमच्याच अंगनात शिकला, सर. आता त्याच्यासमोर तुमीच बसा." मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यभर पुस्तकातून शिकवलेली गोष्ट एकदा हातानं करून बघायला मिळणार होती.

बोलणी कुठं बसून करायची यावरच बरेच दिवस गेले. आम्ही म्हणालो पंचायतीचं कार्यालय, ते म्हणाले त्यांच्या देवळाचा ओटा. शेवटी सुट्टीतली शाळा ठरली. तिथं पहिलीच्या पोरांची बाकं. आबा, मी, तांड्यातली पांढऱ्या मिशांची माणसं, सगळे गुडघे छातीला लावून बसलेले. तिथं कोणीच मोठा दिसत नव्हता, आणि मला वाटतं, सोमलानं ती खोली त्याचसाठी मान्य केली. चहा आमच्याकडून आला की सोमला तो थंड होऊ द्यायचा आणि मग आपल्या माणसांनी आणलेला प्यायचा. मध्येच मागे वळून तो आपल्या लोकांशी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, दोन वाक्यं बोलायचा, ते गंभीर माना हलवायचे, आणि आमच्या बाजूला चलबिचल व्हायची. एकदा बैठक संपल्यावर मी न राहवून विचारलं, "आज मध्येच काय ठरवलंत रे तुम्ही?"

"काय न्हाई सर. भुका लागल्या का, इचारलं. लागल्या म्हनले." मग खदखदून हसला. "तुमी लगेच आबांच्या कानाला लागले ना. मला वाटलंच."

आमचं धोरण सरळ होतं. ग्रामपंचायत द्यायची, नाव द्यायचं, इमारतीला जागा द्यायची. हद्द मात्र ओढ्यावरून न्यायची, म्हणजे तळं गावाकडे राहतं. मी कच्चा नकाशा काढला तेव्हा तळ्याजवळची रेघ मुद्दाम अर्धवट सोडली. ते मागाहून बघू म्हणालो. सोमलानं नकाशा उलटा करून ठेवला. "आधी तळं, सर. बाकीचं मागाहून." आम्ही नावाचा विषय काढला, तो तळ्यावर आला. आम्ही शाळेच्या खोलीचा विषय काढला, तो तळ्यावर आला. एकदा आबा चिडून उठून गेले, म्हणजे ते उठून जाणार हे आम्ही आदल्या दिवशीच ठरवलं होतं. सोमला बाकावरून हललासुद्धा नाही. दारातून हाक मारून म्हणाला, "आबा, चप्पल राहिली तुमची. जाताना घालून जावं मानसानं." आबांना चपलेसाठी परत यावं लागलं. दोन्ही बाजू हसल्या. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी, खरं तर, तळं तांड्याला जाणार हे मला दिसायला लागलं होतं.

"हा गडी काही हलून न्हाई राहिला," आबा एका सकाळी ओसरीवर म्हणाले.

मी म्हणालो, "त्याला हलवायचंच नाही. त्याचा सत्कार करायचा."

"सत्कार? काहून? आनखी माजंल ना तो!"

मग मी त्यांना समजावून सांगितलं. ते सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसाच होता, हे मला आजही आठवतं. समोरच्या बाजूचा बोलणारा मजबूत असेल तर त्याच्याशी भांडायचं नसतं, त्याची स्तुती करायची असते. आपण हार घातला की त्याचीच माणसं तो उतरवतात. पण खोट्या स्तुतीला माणूस नकार देऊ शकतो, म्हणून स्तुती खरी हवी. आणि खरी गोष्ट आमच्याकडे होती. दोन पावसाळ्यांमागे आबांची सून वैशाली बाळंतपणात अडली होती, ओढ्याला पूर, गावातली जीप पलीकडे जायला तयार नाही. सोमलानं आपली बैलगाडी पाण्यात घातली आणि तिला सेनगावला पोहोचवलं. बाई आणि बाळ दोघं वाचले. गावानं तेव्हा त्याला तोंडी धन्यवादही नीट दिले नव्हते.

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं. गाव आणि तांडा, दोन्हीकडची माणसं शाळेच्या मैदानावर. मी माईक हातात घेतला, पुराची हकीकत सांगितली, आणि सोमलाभाऊंना पुढे बोलावलं. शाल आणि नारळ वैशालीच्या हातात दिले होते. तिला आमच्या डावातलं काही माहीत नव्हतं. तिनं शाल त्याच्या खांद्यावर घातली आणि वाकून पायाला हात लावला. ती रडत होती. बायका डोळे पुसत होत्या. त्या क्षणी मी, आधी ठरवून ठेवलेलं एक वाक्य बोललो... "सोमलाभाऊंच्या समजूतदारपणामुळेच आज गाव आणि तांडा निर्णयाच्या इतक्या जवळ आले आहेत." आबांनी पहिली टाळी वाजवली.

सोमलानं मान वर केली. तो मला त्या वेळी पूर्ण समजला होता, आणि मी त्याला. माईक खाली गेल्यावर तो एवढंच म्हणाला, हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "सर, हे शिकवलं नव्हतं तुमी."

तांड्यात त्याच संध्याकाळी बोलायला सुरुवात झाली. कसला समजूतदारपणा? निर्णयाच्या जवळ म्हणजे काय? आमाला न इचारता काय देऊन आला हा? एकानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "नारळ फोडला का, सोमला? आत काय निघालं?" पुढच्या बैठकीला तो आला नाही. त्याच्या जागी विलास चव्हाण नावाचा तरुण आणि त्याचे मित्र आले. सोमलाला जे जमलं नाही ते आपण लवकर करून दाखवू, अशी त्यांना घाई होती. थोड्याच दिवसांत हद्द ओढ्यावरून गेली. तांड्याला ग्रामपंचायत मिळाली, गुलाल उडाला, डफडी वाजली. तळं गावाकडे राहिलं. आबांनी मला घरी जेवायला बोलावलं. मी पुरणपोळी खाल्ली. तेही लिहायला हवं.

गुलाल धुतला गेला आणि उन्हाळा आला. तांड्यातल्या बायकांना तळ्यावर यायचं तर गावाला विचारावं लागू लागलं. तेव्हा तिकडे उलटा हिशोब सुरू झाला. विलासनं जे केलं ते नाइलाजानं, सोमलानं आधीच तळं विकलं होतं, असं लोक म्हणू लागले. हळूहळू ते सगळ्यांना पाठच झालं. ज्यांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता अशी पोरंसुद्धा 'तळं विकणारा म्हातारा' म्हणू लागली.

रविवारी अंगणात येणं अर्थातच बंद झालं. कुठं भेटला तर "राम राम सर" म्हणायचा, तब्येत विचारायचा. माझी बायको गेली तेव्हा तो दारापर्यंत आला, टोपी काढून उभा राहिला आणि आत न येता परत गेला. पुढे मुलं पुण्याला स्थिरावली, मी हिंगोलीत आलो, आबाही वारले. हिंगोली ते सेनगाव बसमध्ये एकदा आम्ही योगायोगानं एकाच बाकावर आलो. मी धीर करून सुरुवात केली, "सोमलाभाऊ, त्या सतरा सप्टेंबरचं..."

"जुनं काहून उकरून राहिले सर? तुमी तुमच्या गावाचं काम केलं. माह्या गावाचं मला जमलं न्हाई. बस."

"पण तू तांड्यात सांगितलं का नाहीस? तो डाव होता म्हणून सांगायचं होतं."

बस खड्ड्यांतून चालली होती. तो खिडकीबाहेर बघत होता. "कसं सांगू? शाल त्या लेकीनं दिली व्हती. ती रडली ते खरं व्हतं का न्हाई? शाल खोटी म्हनलो असतो तर तिचं रडनंबी खोटं झालं असतं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तुमी लई बराबर मानूस निवडलं हो शाल द्यायला." त्यात टोमणा होता की शाबासकी, हे मला अजून कळलेलं नाही. सेनगाव आलं आणि तो उतरला. आमचं पुढं असं बोलणं पुन्हा झालं नाही. मी करू शकलो असतो. दर वर्षी वाटायचं, या दिवाळीनंतर तांड्यावर जाईन, चार माणसांत बसेन आणि सांगेन. दर वर्षी दिवाळी झाली...

तेरवीला मात्र गेलो. मांडवात पंगत बसली होती. माझ्या बाजूचा एक मध्यमवयीन माणूस भात कालवता कालवता म्हणाला, "मानूस गोड व्हता. पन तळं विकलं त्यानं. तेवढं सोडलं तर काही वाईट न्हाई." मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्या माणसाला मी कोण हे माहीत नव्हतं. त्याच्या वाक्याला एका वाक्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही. घरी आल्यावर मला जाणवलं की त्या दिवसाचं खरं माहीत असलेले जगात आम्ही दोघंच उरलो होतो, आणि आता मी एकटाच आहे. मी बोललो नाही तर ते खोटंच खरं म्हणून राहणार. हिंगोलीतल्या माझ्या दोन खोल्यांत दिवसभर कोणाशी बोलणं होत नाही. पण त्या आठवड्यात ती शांतता मला पहिल्यांदा असह्य झाली.

हा लेख लिहायला घेतला आणि छापायच्या आधी परवानगी घ्यावी म्हणून सोमलाच्या बायकोला, चांदीबाईंना, भेटायला गेलो. सगळं सांगितलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "पेपर कोन वाचते इथं? ओट्यावर बोला." आणि नातवाकडून निरोप धाडून त्यांनी दुपारीच माणसं गोळा केली.

देवळाच्या ओट्यावर उभं राहून मी बोललो. भाषण करायची सवय असलेल्या माणसाला त्या दिवशी नीट वाक्यं जुळत नव्हती. सोमलानं गावाकडून काही घेतलं नाही, तळं सोडायला तो शेवटपर्यंत तयार नव्हता, सत्काराचा डाव माझा होता, ते वाक्यही माझं होतं. जे तिथं बोललो तेच इथं लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यानंतरही कोणाला ते फिरवता येऊ नये. कोणी ओरडलं नाही. शिव्या खायची तयारी मी करून गेलो होतो. विलास चव्हाण आता पिकल्या केसांचे झालेत. ते खांबाला टेकून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे सर, आमालाबी तुमीच निवडलं व्हतं." मग मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, अगदी साधेपणानं, बाजारात भाव विचारावा तसं, "मंग आता तळं वापस देता का?"

मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही.

"मंग काहून आले?" ती म्हणाली आणि उठून कामाला गेली. हळूहळू बाकीचेही उठले.

चांदीबाईंनी मला घरी नेलं. चहा ठेवते, तोवर त्यांच्या बाजेवर बसा, म्हणाल्या. अंगणात लिंबाखाली सुतळीनं विणलेली बाज होती. ती अशी आडवी टाकलेली की बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे यावं. मी सहज ती फिरवायला हात घातला, तर हलेना. चारही पाय जमिनीत रुतले होते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून त्यांनी खळगे पाडले होते. "ऱ्हाऊ द्या तशीच," चांदीबाई चुलीजवळून म्हणाल्या. "मी लई म्हनायची, फिरवा, तिकडून हवा येते. न्हाई ऐकलं. ते गेल्यावर पोरांनी तूर वाळवाया उचलली व्हती. सांजच्याला बराबर त्याच खळग्यात आनून ठेवली. त्यांनाबी म्हाईत न्हाई, काहून."

मी बसलो. समोर शेणानं सारवलेली भिंत होती, तिच्यावर कपाळ टेकून टेकून पडलेला एक काळपट डाग. माझ्यामागे, ओढ्यापलीकडे, तळं होतं. तिथून हंड्यांचे आवाज येत होते, गावाकडची कोणाची तरी मोटर चालू होती, आणि पाण्यावरून येणारा गार वारा पाठीला लागत होता. चहा येईपर्यंत मी मान वळवली नाही.